एका रविवारात आठ फेऱ्या कशासाठी?

सुट्ट्यांच्या दिवसांत सोमवारच्या ओपीडीत ताप-खोकल्याच्या रांगेत एखादं लेकरू असं येतं, की त्याला ताप नसतो, घसा स्वच्छ असतो, पोट मऊ असतं. तक्रार एवढीच की काल संध्याकाळपासून डोकं दुखतंय, गाडीत दोनदा उलटी झाली, आज उठायलाच तयार नाही. काल काय केलं म्हणून विचारलं की कळतं, बुद्धिबळाची स्पर्धा होती. जेवण? "साहेब, सकायपासून काईच खाल्लं नाई, दोन समोशे खाल्ले फक्त." पाणी किती प्यायला, या प्रश्नावर आई-बाबा एकमेकांकडे पाहतात.

अशा मुलाला औषध फारसं लागत नाही. झोप, पाणी, वरण-भात आणि गरज पडली तर पॅरासिटामॉल, एवढ्यावर मंगळवारी ते शाळेत जातं. मला सांगायचंय ते औषधाबद्दल नाहीच. या डोकेदुखीचं कारण त्या मुलाच्या डोक्यात नसतं, स्पर्धेच्या वेळापत्रकात असतं. आणि वेळापत्रक माणसं बनवतात, त्यामुळे ते बदलता येतं.

आपल्या भागात, म्हणजे वाशीम, अकोला, हिंगोली, यवतमाळ कुठेही, एकदिवसीय रॅपिड स्पर्धेची पत्रिका पाहा. रविवार, सकाळी ९.३० वाजता पहिली फेरी, एकूण सात किंवा आठ फेऱ्या, वेळ १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला ५ सेकंद. बक्षिसांचा तक्ता अर्धं पान. जेवणाची सुट्टी किती वाजता, याचा उल्लेख बहुतेक वेळा नसतोच. स्पर्धा किती वाजता संपेल, हेही नसतं.

साधा हिशोब करू. जागतिक बुद्धिबळ संघटना, म्हणजे फिडे, वेळ मोजताना डाव ६० चालींचा धरते. ६० चालींना पाच-पाच सेकंद म्हणजे ५ मिनिटं. एका खेळाडूला २० मिनिटं, दोघांना मिळून ४०. अशा आठ फेऱ्या म्हणजे ३२० मिनिटं, ५ तास २० मिनिटं नुसता खेळ. दोन फेऱ्यांच्या मध्ये निकाल गोळा करणं, संगणकावर पुढच्या जोड्या लावणं, कागद भिंतीवर चिकटवणं, त्या कागदापुढची झुंबड, सगळे आपापल्या पटावर जाऊन बसणं, यात १५ ते २० मिनिटं सहज जातात. सात मध्यंतरं म्हणजे साधारण दोन तास. झाले साडेसात तास. सगळे डाव पूर्ण वेळ चालत नाहीत हे खरं, पण फेरी संपते ती सर्वांत लांबलेल्या डावाबरोबर. कोपऱ्यातल्या पटावर दोघंजण हत्ती-प्याद्याचा शेवट ११० चालींपर्यंत ओढत असतील, तर बाकीचे शंभर जण थांबून असतात.

आता यात उद्घाटन मिळवा. पाहुणे यायचे असतात, दीपप्रज्वलन असतं, सत्कार असतात, आणि "मी फार बोलणार नाही" असं म्हणून सुरू झालेली भाषणं असतात. साडेनऊची पहिली फेरी अकराला सुरू होते. मग आयोजक तो गेलेला वेळ कुठून भरून काढतात? जेवणातून. "पालकांनी मुलांना मधल्या वेळेत काहीतरी खाऊ घालावं" अशी घोषणा होते. रात्री आठला बक्षीस समारंभ. रिसोड, मानोरा किंवा कारंज्याहून अकोल्याला खेळायला गेलेलं नऊ वर्षांचं मूल पहाटे पाचला उठलेलं असतं आणि रात्री अकराला घरी पोहोचतं. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. या मुलाला त्या दिवशी सहा मिळते आणि सकाळी शाळेची रिक्षा दारात उभी.

"थोडा त्रास होणारच, चॅम्पियन असेच घडतात" असं मला अनेकदा ऐकवलं जातं. मग चॅम्पियन काय करतात तेच बघू. जागतिक रॅपिड अजिंक्यपद स्पर्धेत खुल्या गटात १३ फेऱ्या असतात आणि त्या तीन दिवसांत खेळवतात. दिवसाला चार, फार तर पाच. कोनेरू हंपीनं २०२४ मध्ये न्यूयॉर्कला महिलांचं जे विजेतेपद मिळवलं, त्यात ११ फेऱ्या होत्या, त्याही तीन दिवसांत. तिथली वेळ १५ मिनिटं अधिक १० सेकंद, म्हणजे ६० चालींचा डाव ५० मिनिटांचा. पाच फेऱ्यांच्या दिवशी खेळ झाला ४ तास १० मिनिटं. आपल्याकडे तिसरीतल्या पोराला आपण जगज्जेत्यांपेक्षा तासभर जास्त आणि तीन फेऱ्या जादा खेळायला लावतो, तेही पत्र्याच्या शेडमध्ये, समोशावर.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून विदर्भात या खेळाची हवा आहे. चांगलंच आहे. पण तिच्या अंतिम सामन्याचं वेळापत्रकही पाहायला हवं. २६ जुलैला एक डाव, २७ जुलैला एक डाव, दोन्ही बरोबरीत सुटले, आणि २८ तारखेला टायब्रेकचे जलद डाव. मुलांच्या जागतिक स्पर्धांतसुद्धा साधारण रोज एक फेरी असते, एखाद्या दिवशी दोन. आठ फेऱ्यांच्या रविवारातून चॅम्पियन घडतात, हे कुणी कुठे पाहिलंय?

आता थोडं शरीराबद्दल, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुकीच्या गोष्टी सांगितल्या जातात.

एक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी माहिती अशी की ग्रँडमास्टर स्पर्धेच्या दिवशी ६००० कॅलरी जाळतो. माझ्या बाजूची वाटली तरी ही माहिती मी वापरणार नाही, कारण ती पटण्यासारखी नाही. मोठ्या माणसाचा मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के असतो आणि विश्रांतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण २० टक्के खातो. म्हणजे दिवसाला ३०० कॅलरी, तासाला बारा-तेरा. कठीण विचार करताना हा खर्च वाढतो, पण जेमतेम काही टक्क्यांनी. आठ तास डोकं खाजवलं तरी जास्तीचा खर्च एका ग्लुकोज बिस्किटात असतो त्याहून कमी. त्यामुळे दर फेरीआधी मुलाच्या तोंडात ग्लुकोज पावडर कोंबणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की ती पावडर घरी ठेवा. निरोगी मुलाचं यकृत मेंदूला साखर पुरवत असतं. पावडरनं चाल सुचत नाही, दात मात्र किडतात. एनर्जी ड्रिंकचा डबा तर मुलांना अजिबातच नको. त्यातल्या कॅफीननं हात थरथरतात आणि रात्रीची उरलीसुरली झोपही जाते.

दुसरी चुकीची गोष्ट याच्या बरोबर उलटी: "बसून तर खेळायचंय, त्यात काय थकायचं?" कॅलरी जळत नाहीत म्हणून थकवा येत नाही, असं नसतं. १९८४ च्या सप्टेंबरात मॉस्कोत कार्पोव आणि कास्पारोव यांचा जगज्जेतेपदाचा सामना सुरू झाला. सहा विजय मिळवेल तो जिंकणार, डावांना मर्यादा नाही. पाच महिने आणि ४८ डाव झाले तरी निकाल लागेना. अखेर १५ फेब्रुवारी १९८५ ला फिडेच्या अध्यक्षांनी सामना थांबवला. कार्पोवचं वजन दहा किलोनं उतरल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. पुढचा सामना २४ डावांचा ठरवण्यात आला. म्हणजे वेळापत्रक माणसाला झेपेल असं हवं, हे फिडेला चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं.

थकवा येतो तो दुसऱ्या वाटांनी. २०२२ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी काही लोकांना दिवसभर, सहा तासांहून जास्त, डोक्याला ताण देणारी कामं दिली आणि काहींना त्याच प्रकारची सोपी. अवघड कामं केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचं रसायन जास्त साचलेलं आढळलं. हा भाग आपल्याला थांबून, तोलूनमापून निर्णय घ्यायला लावतो. ती मंडळी दिवसाच्या शेवटी, थांबून मिळणाऱ्या मोठ्या फायद्यापेक्षा लगेच हाती पडणारा छोटा फायदा निवडू लागली. बुद्धिबळाच्या भाषेत सांगायचं तर समोर दिसलेलं प्यादं खाऊन मोकळं होणं. सातव्या-आठव्या फेरीतले डाव जाऊन पाहा, वजीर फुकट गेलेले पट तिथे जास्त दिसतील. तिथे कौशल्याची परीक्षा होत नसते. कोण कमी दमलंय, एवढंच कळतं. आणि पहिल्या बक्षिसाचा निकाल नेमका तिथेच लागतो!

मुलांची गोष्ट आणखी वेगळी आहे. मुलं वेळ घेतच नाहीत. १५ मिनिटांपैकी चार मिनिटं वापरून डाव संपवतात आणि पुढची फेरी लागेपर्यंत पाऊण तास हॉलबाहेर, उन्हात, पायरीवर. त्यांना खेळण्यापेक्षा ताटकळण्याचा थकवा जास्त असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे पारा ४२-४३ च्या घरात असतो. हॉलमध्ये चार कूलर लावलेले असतात आणि आवाज नको म्हणून खिडक्या बंद. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो. खिडक्या उघड्या ठेवल्याशिवाय कूलर लावू नका, एवढं तरी ऐका.

पाण्याचा प्रश्न मात्र पाण्याचा नसतो, संडासाचा असतो. दीडशे माणसांना दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे जावंच लागणार नाही. ज्यांना लागते ती मुलं दाबून बसतात, कारण फेरी केव्हा पुकारतील याचा नेम नाही आणि उशीर झाला तर डाव जातो. स्पर्धेच्या नियमांत उशिराची सवलत आधी लिहिलेली नसेल, तर फिडेच्या कायद्यानुसार ती शून्य मिनिटं धरली जाते. दिवसभर लघवी तुंबवून ठेवणं आणि पाणी न पिणं, यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि तो मुलींमध्ये जास्त होतो. दोन दिवसांनी ताप, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ. तोवर स्पर्धेची आठवणही कुणाला राहिलेली नसते. ज्या मुलांना अर्धशिशी आहे, त्यांना तर उपास, जागरण, ऊन आणि ताण ही चारही निमित्तं एकाच दिवशी मिळतात.

सर्वांत काळजीचे खेळाडू म्हणजे मधुमेही. यात इन्सुलिन घेणारी मुलं आली आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे साठीतले काकाही आले. सकाळी औषध घेतलं आणि जेवण दोन तास पुढे गेलं की साखर ७० च्या खाली उतरू शकते. लक्षणं काय? घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, चिडचिड, काही सुचेनासं होणं. घड्याळात वीस सेकंद उरलेल्या कुठल्याही खेळाडूची लक्षणं हीच असतात. म्हणून पटासमोर ती ओळखूच येत नाहीत, सगळे म्हणतात टेन्शन आलंय. अशा खेळाडूनं सकाळीच पंचांना आपला आजार सांगावा, साखर मोजायचं यंत्र आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज जवळ ठेवायची परवानगी घ्यावी. यंत्र मोबाईलला जोडलेलं असेल तर विशेष करून, कारण मोबाईल जवळ सापडला तर डाव जातो. साखर कमी आली तर १५ ग्रॅम, म्हणजे तेच तीन चमचे, घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, आणि मग जेवायचं. डाव गेला तर जाऊ द्या. ज्येष्ठांना आणखी एक सांगणं आहे. लघवी जास्त होते म्हणून स्पर्धेच्या दिवशी बीपीची गोळी टाळणारे मला माहीत आहेत. तसं करू नका. गोळीच्या वेळेबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधी बोला.

एवढ्या सगळ्यावर आयोजकांचं उत्तर असतं: फेऱ्या कमी केल्या तर निकाल लागणार कसा? ही स्विस पद्धत १८९५ मध्ये झुरिकला पहिल्यांदा वापरली गेली, तिचं गणित शाळकरी आहे. प्रत्येक फेरीत सगळे गुण मिळवलेल्यांची संख्या निम्मी होते. ३२ खेळाडूंना पाच फेऱ्या, ६४ ला सहा, १२८ ला सात. आठ फेऱ्या लागतात त्या १२८ च्या पुढे. मग ८० खेळाडूंच्या स्पर्धेत आठवी फेरी कशासाठी? तर "तीनशे रुपये प्रवेश फी घेतली, लोकांना पुरेसं खेळायला मिळालं पाहिजे". म्हणजे थाळीत जास्त वाढायचं, खाणाऱ्याला उलटी झाली तरी चालेल. बरोबरी सुटली नाही तर प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, बुखोल्झ, आहेच. पहिल्या क्रमांकासाठी हवं तर दोघांनाच एक जादा डाव खेळवा, ऐंशी जणांना कशाला थांबवता?

दुसरं उत्तर खर्चाचं असतं, आणि ते मात्र खरं आहे. दोन दिवसांची स्पर्धा म्हणजे हॉलचं दुप्पट भाडं, बाहेरगावच्या पालकांना मुक्काम. मालेगाव किंवा मंगरुळपीरच्या शिक्षकाला, दुकानदाराला, शेतकऱ्याला तो खर्च परवडत नाही. त्यामुळे एकदिवसीय स्पर्धा बंद करा असं मी म्हणणारच नाही. एका दिवसात बसेल एवढंच खेळवा, असं म्हणतो.

आणि ते बसतं. मुलांचा गट वेगळा करा, १० मिनिटं अधिक ५ सेकंद, पाच फेऱ्या. ६० चालींचा डाव ३० मिनिटांचा, जोड्या लावायला १५. पाऊण तासाची एक फेरी, साडेनऊला सुरू केलं तर सव्वाएकला पाचवी संपते. त्यांचे गुण लगेच जाहीर करा, दोनच्या आत बक्षिसं द्या आणि घरी जाऊ द्या. मोठ्यांचा गट त्याच हॉलच्या दुसऱ्या बाजूला, १५ अधिक ५, सहा फेऱ्या. फेरीला ५५ मिनिटं धरली तर तीन फेऱ्या सव्वाबाराला होतात. दीडपर्यंत जेवण, आणि त्या वेळात काहीही झालं तरी घड्याळ सुरू करायचं नाही. उरलेल्या तीन फेऱ्या सव्वाचारला संपतात. पाहुण्यांना बोलवा ना, पण सव्वाचारला बोलवा. गट वेगळे केल्यावर प्रत्येक गट चौसष्टच्या आत येतो, म्हणजे सहा फेऱ्यांचं गणितही जमलं. पंच मात्र दोन लागतील. एका पंचानं साठ पट सांभाळायचे, जोड्याही लावायच्या आणि भांडणंही मिटवायची, हा त्याच्या प्रकृतीवरही अन्याय आहे.

प्रत्येक चालीला मिळणारे ते पाच सेकंद मात्र वाचवू नका. बॉबी फिशरची ही कल्पना १९९२ च्या त्याच्या आणि स्पास्कीच्या सामन्यात वापरली गेली आणि आता जगभर रुळली आहे. वाढीव सेकंद नसले की डावाचा शेवट सोंगट्या उडवण्यात आणि रडण्यात होतो, आणि त्या भांडणात गेलेला वेळ वाचलेल्या वेळेपेक्षा जास्त असतो.

फक्त गावातलेच खेळाडू असतील तर शनिवारचा उपयोग का करत नाही? बहुतेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात, आणि सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. दुपारी चारनंतर ऊन उतरल्यावर दोन फेऱ्या, रविवारी चार. मग २५ अधिक १० अशी ऐसपैस वेळही देता येते. विचार करून खेळण्याचा खेळ थोडा विचार करून खेळता येईल.

"फिडेला चालतं, तुम्हाला का चालत नाही?" हेही ऐकलंय. फिडेच्या मानांकन नियमांत दीर्घ डावांसाठी दिवसाला १२ तासांची कमाल मर्यादा आहे. कमाल मर्यादा म्हणजे शिफारस नव्हे. पॅरासिटामॉलचीही दिवसाची कमाल मर्यादा ठरलेली आहे, म्हणून मी ती प्रत्येकाला लिहून देत नाही.

पालकांनी एवढं करावं. प्रवेश फी भरण्याआधी आयोजकांना फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: फेऱ्या किती, जेवणाची सुट्टी किती ते किती, शेवटची फेरी किती वाजता, आणि मुलींसाठी वेगळा संडास आहे का. डब्यात पोळी-भाजी किंवा दही-भात, दोन केळी, शेंगदाण्याची चिक्की, घरची पाण्याची बाटली. दर तासाला निदान पेलाभर पाणी. डाव संपला की मुलाला मोबाईलवर दुसरा डाव खेळू देऊ नका, सावलीत चालू द्या. पुष्कळ स्पर्धांत आधी सांगितलं तर एखाद्या फेरीत अर्ध्या गुणाची रजा, म्हणजे बाय, मिळते. पत्रिकेत तसं आहे का ते पाहा आणि जेवणासाठी ती वापरायला लाजू नका. मूल निस्तेज दिसलं, सहा-सात तास लघवीलाच गेलं नाही, उलटी झाली, उन्हात अंग तापलं किंवा असंबद्ध बोलू लागलं, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका, पंचांना सांगून निघा. शेवटची दोन लक्षणं एकत्र दिसली तर तो उष्माघात असू शकतो. मुलाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, आणि घरी न जाता सरळ जवळच्या दवाखान्यात न्या.